न छेडलेला गंधार

गिटारच्या सर्वांत जाड तारेवर षड्ज धरा आणि शेजारच्या तारेवर त्याचा पंचम. वायर प्रोसेसरला जोडा, स्वच्छ टोन निवडा आणि दोन्ही तारा एकदम छेडा. षड्ज आणि पंचम जसेच्या तसे ऐकू येतील. आता गेनचा नॉब हळूहळू उजवीकडे फिरवा. आवाज दाट होतो, खरखरू लागतो. त्या दाटीत कान रोवून बसलात तर तिथं आणखी एक सूर उभा राहिलेला जाणवेल. तो गंधार असतो. त्याला कोणत्याही तारेनं जन्म दिलेला नाही, तुमचं बोट त्याच्या पडद्यावर गेलेलं नाही. आणि स्पीकर मोठा असेल तर त्याच वेळी षड्जाच्या खालच्या सप्तकातला खर्जही छातीत जाणवतो. तोही तुम्ही वाजवलेला नसतो.

डिजिटल ॲम्प मॉडेलर म्हणजे जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्पचं वागणं गणितानं उभं करणारी लहानशी पेटी. वाजवणारी पोरं तिला नुसतं ‘प्रोसेसर’ म्हणतात. तिच्यावर टोन बांधणं म्हणजे बटणं फिरवत बसणं, असं बाहेरून दिसतं. प्रत्यक्षात तिथं एका फार जुन्या गणिताशी खेळ चाललेला असतो, आणि त्या गणिताचा एक धागा जळगाव जिल्ह्यातल्या एका देवळाच्या शिलालेखापर्यंत जातो. मला या विषयात सर्वांत जास्त थक्क करणारी गोष्ट हीच वाटते, म्हणून गणिताच्या वाटेनं तिथंच जाऊ.

गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला ८२.४ वेळा कंप पावते. तिचा पंचम १२३.५ कंपनांचा. दोघांची बेरीज केली तर सुमारे २०६ येतात आणि वजाबाकी केली तर सुमारे ४१. आता २०६ ही ८२.४ची अडीच पट आहे, म्हणजे वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार. ४१ ही निम्मी पट, म्हणजे एक सप्तक खालचा षड्ज. स्वच्छ टोनमध्ये या दोन्ही जागा रिकाम्या असतात. षड्जाच्या तारेचे स्वतःचे उपसूर ८२.४च्या पटीत येतात, पंचमाचे १२३.५च्या पटीत; २०६ त्यांपैकी कुठल्याच रांगेत बसत नाही. गेन वाढवला की ॲम्प ही बेरीज आणि वजाबाकी स्वतः करतो आणि उत्तरं आपल्याला ऐकवतो.

तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार ज्यांनी अनुभवला आहे त्यांना इथं ओळख पटेल. तानपुऱ्याच्या चार तारांत गंधार नसतो, तरी नीट जुळलेल्या तानपुऱ्यातून तो येतो. तिथं खर्जाच्या तारेचा पाचवा उपसूर जवारीमुळे ठळक होतो. जवारी म्हणजे घोडीचा तो किंचित फुगीर पृष्ठभाग, ज्यावर तार प्रत्येक कंपनात अलगद टेकते आणि सुटते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तानपुऱ्यावर आणि वीणेवर शोधनिबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडली तिथं ज्या उपसुराचा स्थिरबिंदू आहे, तो उपसूर ऐकूच येऊ नये असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम होता. तानपुरा तो नियम मोडतो, आणि त्याचं कारण जवारी आहे, हे रामननी दाखवलं. तार घोडीला घासते तेव्हा सरळ नातं बिघडतं आणि नवे सूर उगवतात. मिरजेचे कारागीर पिढ्यान् पिढ्या कानसानं आणि दोऱ्यानं हे बिघडवणं मोठ्या प्रेमानं करत आले आहेत. गेन वाढवल्यावर येणाऱ्या खरखरीला, म्हणजे डिस्टॉर्शनला, जे लोक गोंगाट समजतात, त्यांना मी आधी जवारी ऐकायला सांगेन.

व्हॉल्व्हमध्ये घडतं ते याच कुळातलं. काचेच्या नळीत एक तापलेला धातू इलेक्ट्रॉन सोडतो, समोरच्या पट्टीवर दोन-तीनशे व्होल्टचा दाब असतो, आणि मधल्या जाळीवर गिटारचा इवलासा संकेत येऊन तो प्रवाह कमी-जास्त करतो. संकेत लहान असेल तर आत जेवढं येतं त्याच प्रमाणात बाहेर जातं. आलेख काढला तर सरळ रेघ. संकेत वाढला की रेघ टोकांना वाकते, आणि वरच्या बाजूला जेवढी वाकते तेवढीच खाली वाकते असंही नसतं. रेघ वाकली की उत्तरात आत आलेल्या संकेताचा वर्ग मिसळतो, घन मिसळतो. दोन सूर एकत्र आत आले असतील तर त्यांच्या बेरजेचा वर्ग होतो, आणि शाळेत शिकल्याप्रमाणे त्या वर्गात दोघांचा गुणाकार येतोच. सगळी गंमत त्या गुणाकारात आहे. दोन ज्या-तरंगांचा (साइन वेव्हचा) गुणाकार म्हणजे त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचा एक तरंग आणि वजाबाकीचा एक तरंग. गंधार आणि खर्ज आले ते इथून.

हे सिद्ध करायला दोन कोनांच्या बेरजेची आणि वजाबाकीची ज्या काढण्याचं सूत्र लागतं. ते भास्कराचार्यांच्या ‘ज्योत्पत्ति’ प्रकरणात आहे. भास्कराचार्य १११४ साली जन्मले आणि ‘सिद्धान्तशिरोमणि’ त्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केला. त्यातल्या गोलाध्यायाला जोडलेल्या या प्रकरणात दोन कोनांच्या बेरजेच्या ज्येचा नियम त्यांनी समासभावना म्हणून दिला आणि वजाबाकीचा अंतरभावना म्हणून. त्यांना ग्रहांची स्थानं काढायची होती. पण सूत्राला ग्रह आणि गिटार यांत फरक कळत नाही.

चाळीसगावहून पाटणादेवीला गेलात तर गौताळ्याच्या डोंगरांच्या कुशीत भवानीचं जुनं देऊळ दिसतं. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी. लेख शके ११२८चा, म्हणजे इसवी सन १२०७च्या सुमाराचा. त्याचा उत्तरभाग जुन्या मराठीत आहे आणि मठाच्या खर्चासाठी गावच्या व्यापारातून काय काय द्यायचं याची व्यवस्था त्यात सांगितली आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. भास्कराचार्यांचं विज्जडविड गाव नेमकं कुठलं यावर विद्वानांत वाद आहेत. पण त्यांचं गणित शिकवण्यासाठी पाटण गावच्या बाजारातून निधी उभा राहिला होता, याबद्दल वाद नाही. आठशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या एका पेठेनं त्रिकोणमितीच्या शाळेला पोसलं, हे जळगावच्या प्रत्येक मुलाला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

‘ज्योत्पत्ति’त आणखी एक रत्न आहे. शून्यापासून नव्वद अंशांपर्यंत एकेका अंशाची ज्या कशी काढावी, याची भास्कराचार्यांनी दिलेली रीत दोन अपूर्णांकांवर चालते. एका अंशाची ज्या १०/५७३ घ्यायची आणि कोटिज्या (कोसाइन) ६५६८/६५६९. हातात असलेल्या कोनाची ज्या आणि कोटिज्या यांना या दोन अपूर्णांकांनी गुणायचं, मिळवायचं, की पुढच्या अंशाची ज्या तयार. तिच्यापासून त्यापुढची. एका अंशाच्या ज्येची आजची किंमत ०.०१७४५२४, १०/५७३ देतो ०.०१७४५२०. आणि आजच्या डिजिटल यंत्रात संथ झुलणारा तरंग घडवण्याची एक प्रचलित रीत नेमकी हीच आहे: आधीच्या दोन किमती घ्या, दोन ठरलेल्या आकड्यांनी गुणा, मिळवा, पुढची किंमत मिळाली. ट्रेमोलो लावल्यावर आवाज हेलकावे खातो तेव्हा आत असा झोका चाललेला असू शकतो.

आता पेटीकडे वळू. गिटारचा संकेत आत आला की प्रोसेसर सेकंदाला ४८,००० वेळा त्याची उंची मोजतो. दोन मोजण्यांमध्ये सुमारे २१ मायक्रोसेकंद मिळतात, आणि तेवढ्या वेळात त्याला एका संबंध ॲम्पचं वागणं हिशेबात बसवायचं असतं. हे करण्याच्या दोन वाटा आहेत. पहिलीत ॲम्पचा नकाशा समोर ठेवून प्रत्येक व्हॉल्व्ह, रोधक, धारित्र यांची समीकरणं मांडतात आणि क्षणाक्षणाला सोडवतात. रोलँडचं व्हीजी-८ १९९५ साली आलं, लाइन ६चा लाल पॉड १९९८ साली. तेव्हापासून ही वाट रुळली. दुसऱ्या वाटेवर ॲम्पच्या पोटात डोकावतच नाहीत. त्यात काही मिनिटांचा ठरावीक आवाज सोडतात, बाहेर आलेला ध्वनिमुद्रित करतात, आणि आत काय गेलं नि बाहेर काय आलं याचं नातं न्यूरल नेटवर्कला शिकवतात. स्टीव्हन ॲटकिन्सन यांचं न्यूरल ॲम्प मॉडेलर असंच चालतं, आणि ते मोफत आहे. धुळ्यातल्या मुलाला १९६०च्या दशकातला मार्शल ॲम्प विकत घेणं जमणार नाही. मे महिन्यात पारा ४५च्या पुढं गेलेला असताना तापलेल्या व्हॉल्व्हची ती जड पेटी खोलीत ठेवणंही नकोसं होईल. पण त्या ॲम्पचं वागणं फोनवर उतरवून घेता येईल एवढ्या फाईलमध्ये मावतं.

वागणं म्हणजे नुसती वाकलेली रेघ नव्हे. शेतातली मोटार सुरू झाली की घरातला दिवा क्षणभर मंदावतो आणि पुन्हा सावरतो, तसंच व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये घडतं. जोरात तार छेडली की ॲम्प एकदम जास्त वीज ओढतो, आतला दाब खाली येतो, सुराचं टोक दबतं आणि मग सूर हळूहळू पुन्हा फुलतो. प्रोसेसरवर याला सॅग म्हणतात. अभियंत्याच्या नजरेतून ही वीजपुरवठ्याची उणीव आहे. वाजवणाऱ्याच्या बोटांना मात्र तिच्यामुळे समोर कुणी जिवंत आहे, आपल्या जोराला प्रतिसाद देतंय असं जाणवतं, म्हणून ती उणीव जशीच्या तशी गणितात उतरवलेली असते. विजेच्या चढउतारांसोबत वाढलेल्या आपल्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

गणितातून जन्मलेला एक दोष मात्र जुन्या ॲम्पमध्ये कधीच नव्हता. ४८,००० मोजण्यांत जास्तीत जास्त २४,००० कंपनांचा सूर मावतो. डिस्टॉर्शन त्याहून वरचे उपसूर तयार करतं, आणि त्यांना जागा नसली तर ते त्या सीमेवरून परावर्तित होऊन खाली येतात. ४,०००च्या सुराचा सातवा उपसूर २८,०००वर हवा. तो २०,०००वर येऊन बसतो. आता तार ओढून सूर चढवा. खरे सूर वर जातील आणि हा परका सूर खाली सरकेल. चढत्या मींडेत उतरणारा सूर! चांगली यंत्रं त्यासाठी आतल्या आत कितीतरी पट जास्त मोजण्या करतात आणि नको ते गाळून मगच बाहेर सोडतात. यंत्राच्या किमतीचा एक भाग इथं खर्च होतो.

टोन बांधताना सर्वांत उपयोगी पडतं ते बेरीज-वजाबाकीचं भान. षड्ज-पंचमाची जोडी डिस्टॉर्शनमध्ये ठसठशीत वाजते, कारण त्यांच्या सगळ्या बेरजा-वजाबाक्या एकाच खर्जाच्या पूर्ण पटीत पडतात. आता पंचमाऐवजी जवळचा गंधार धरा. ८२.४ आणि १०३.८. बेरीज १८६, म्हणजे रिषभाच्या जवळचा सूर; वजाबाकी २१, म्हणजे कानाला सूर न वाटता नुसती घरघर. तीन-चार सुरांचा भरगच्च कॉर्ड भरपूर गेनवर चिखल का होतो, याचं उत्तर हे. म्हणून जड संगीत वाजवणारे दोन सुरांवर थांबतात आणि ज्यांना पूर्ण कॉर्ड हवा ते गेन खाली आणतात.

यातूनच क्रमाचं महत्त्व कळतं. बास ॲम्पच्या आधी कापला तर खालचे सूर वाकलेल्या रेघेपर्यंत पोचतच नाहीत आणि त्यांच्या बेरजा-वजाबाक्या जन्मतच नाहीत. तोच बास ॲम्पनंतर कापला तर चिखल आधीच झालेला असतो. नंतर फक्त त्याचा काही भाग पुसला जातो. आयबानेझचं हिरवं ट्यूब स्क्रीमर पेडल गाजलं त्यामागं हेच आहे. ते साधारण ७२० कंपनांच्या खालच्या सुरांना कमी वाकवतं, आणि पुढच्या ॲम्पला आवरलेला, नेमका संकेत देतं. प्रोसेसरवर नवा पॅच बांधणाऱ्याला मी एवढंच सांगेन: टोन गढूळ वाटला तर नंतरच्या इक्वलायझरला हात लावण्याआधी ॲम्पच्या आधी काय शिरतंय ते पाहा.

ॲम्पनंतर येते स्पीकरची पेटी, जिला सगळे कॅब म्हणतात. ती काढून टाकून ऐकलं तर उत्तम ॲम्पही कर्कश भुणभुणतो. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण ५,०००च्या वर झपाट्यानं मंद होत जातो, आणि डिस्टॉर्शननं जन्माला घातलेल्या सुरांतले वरचे सगळे तो परस्पर अडवतो. पेटीचं हे वागणं टिपण्यासाठी तिच्यात एक अतिशय छोटा ठोका सोडतात आणि समोरच्या माइकवर जे येतं ते साठवतात. ही नोंद म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, गिटारवाल्यांच्या तोंडी आयआर. गिटारचा प्रत्येक मोजलेला क्षण हाही एक ठोकाच मानायचा, त्या प्रत्येकाला पेटी कसं उत्तर देईल ते मांडायचं आणि सगळी उत्तरं एकमेकांत मिळवायची. २,०४८ नोंदींचा आयआर असेल तर सरळ हिशेबानं दर सेकंदाला नऊ कोटी त्र्याऐंशी लाख गुणाकार होतात. गणिती युक्त्यांनी हे ओझं बरंच हलकं करता येतं, तरी हा आकडा वाचल्यावर मी प्रोसेसरच्या पेटीकडे वेगळ्याच आदरानं पाहू लागलो.

जागाही अशीच टिपता येते, आणि इथं तापीकाठचं थाळनेर आठवल्याशिवाय राहत नाही. लता मंगेशकरांचं हे आजोळ, आजच्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातलं. १९४९ सालच्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या सुरुवातीला गाणारी दुरून जवळ येते आहे असं भासायला हवं होतं. आज प्रोसेसरवर त्यासाठी रिव्हर्बचा एक नॉब असतो. तेव्हा लताबाई माइकपासून दूर, खोलीच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि गात गात माइककडे चालत आल्या. त्या चालण्यात शास्त्र आहे. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलनं घटतो, पण भिंतींवरून फिरून येणारा आवाज खोलीभर जवळपास सारखाच राहतो. कान या दोघांच्या प्रमाणावरून अंतर ओळखतो. रिव्हर्बचा ‘मिक्स’ नॉब फिरवताना तुम्ही त्या चालण्यातली एकेक पायरी निवडत असता.

थाळनेर ही फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. त्यांच्या घुमटांच्या कबरी तिथं अजून उभ्या आहेत. अशा घुमटाखाली एकच स्पष्ट टाळी वाजवून तिचा विझत जाणारा नाद नोंदवला, की त्या जागेचा आयआर हाती येतो आणि जळगावच्या खोलीतली गिटार त्या घुमटाखाली वाजते. प्रोसेसरांत परदेशी सभागृहांचे, चर्चचे रिव्हर्ब भरपूर मिळतात. आपल्या लेण्यांचे, मठांचे, घुमटांचे कुणीतरी नीट, परवानगी घेऊन नोंदवावेत, अशी माझी फार इच्छा आहे.

रात्री घरी बांधलेला टोन मैदानावर का फसतो, हेही सांगायला हवं. १९३३ साली बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की कमी आवाजात आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. घरचे झोपलेले असताना हळू आवाजात आपण बास आणि ट्रेबल चढवत नेतो, कारण त्याशिवाय टोन भरल्यासारखा वाटत नाही. तोच पॅच गणपतीत जळगावच्या सागर पार्कच्या मैदानावर मोठ्या स्पीकरवर लागला की बास घुमतो, ट्रेबल टोचतो आणि गिटारचा मधला प्राण ढोलक-कीबोर्डखाली गाडला जातो. मैदानासाठीचा पॅच जोरात वाजवूनच बांधावा. निदान मधले सूर घरी थोडे जास्त वाटतील इतके ठेवावेत. प्रोसेसरमुळे आवाज उशिरा येतो ही भीती मात्र बहुतेक वेळा व्यर्थ असते. तीन मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे स्पीकरपासून एक मीटर मागं सरकून उभं राहणं.

बाजारातल्या आयआरच्या संचांत इंग्लंड-अमेरिकेतल्या पेट्याच प्रामुख्यानं असतात. आपल्या कानांवर लहानपणापासून पडलेला आवाज वेगळा आहे: वरातीत बँडच्या गाडीवर बांधलेल्या भोंग्याचा. भोंग्याचं तोंड जेवढं लहान तेवढे खालचे सूर तो जास्त गिळतो, आणि म्हणूनच त्यातून आलेली बँजोची किंवा कीबोर्डची धून गर्दी चिरत गल्लीच्या टोकापर्यंत पोचते. हा टोन बांधणं अवघड नाही. भोंग्यातून २० ते २०,००० कंपनांपर्यंत चढत जाणारा दहा सेकंदांचा एक सूर सोडायचा आणि समोर माइक ठेवून तो नोंदवायचा. अँजेलो फरिना यांनी २००० साली मांडलेल्या पद्धतीत या सुराच्या चढण्याचा वेग असा ठेवतात की हिशेब उलटा फिरवल्यावर भोंग्याचा मूळ प्रतिसाद एका जागी येतो आणि भोंग्यानं स्वतः जन्माला घातलेले उपसूर त्याच्या आधी, वेगवेगळे, ओळीनं मांडलेले मिळतात. मूळ प्रतिसाद कापून घ्यायचा, वेव्ह फाईल करायची, प्रोसेसरमध्ये मार्शलच्या कॅबच्या जागी ठेवायची. गेन मध्यम, रिव्हर्ब बंद, ॲम्पच्या आधी बास कापलेला. अहिराणी गाण्यांच्या गिटारला मला हा टोन ऐकायचा आहे.